गोठ्यातली धामण राहू द्या, आधी खोलीतली कात बघा

ताई, तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला. इतरांसाठी थोडक्यात मांडतो. फलटणजवळ वस्तीवर घर आहे, गोठ्यात दोन गाई आहेत आणि कडब्याच्या गंजीत महिनाभर सहा-सात फुटी धामण दिसतेय. सासूबाई म्हणतात, ती गाईच्या पायांना विळखा घालून दूध पिते. मागच्या आठवड्यात बांधावर दोन धामणी एकमेकींना पीळ घालून उभ्या राहिलेल्या तुम्ही पाहिल्या. दीर म्हणतात, एकीला मारलं तर दुसरी डूख धरेल. आणि अगदी शेवटी, जाता जाता, तुम्ही लिहिलंय की आतल्या खोलीत मोरीजवळ दोन-अडीच फुटांची बारीकशी कात सापडली. मी सातारा जिल्ह्यात १९ वर्षं साप पकडून सोडतोय. तुमच्या सगळ्या मजकुरात मला काळजी वाटली ती या शेवटच्या ओळीची. पण धामणीचं आधी संपवतो, कारण तिच्यावर काठी पडायची वेळ आलेली दिसतेय.

धामण पूर्ण बिनविषारी आहे. ती दूध पीत नाही, कुठलाच साप पीत नाही. साप मांसाहारी आहे, दूध हे त्याचं अन्नच नव्हे. शिवाय सड चोखायला वासराला असतात तसे मऊ ओठ आणि गाल लागतात, ते सापाला नसतात. त्याचे दात सुईसारखे आणि आत वळलेले असतात. असं तोंड सडाला लागलं तर गाय उभी राहील का, हे दावं धरणाऱ्या माणसाला मी सांगायला नको. नागपंचमीला टोपलीतला नाग दूध पिताना दिसतो, कारण त्याला कितीतरी दिवस पाण्यावाचून ठेवलेलं असतं. तहानेने तडफडणारा जीव समोर येईल ते ओढतो, आणि पुष्कळदा ते दूध फुप्फुसात जाऊन मरतो. तुमच्या गाईचं दूध आटलं असेल तर जनावरांच्या डॉक्टरांना दाखवा. धामण गोठ्यात येते ती उंदीर-घुशींसाठी. पेंडीच्या पोत्यांपाशी उंदरांच्या लेंड्या पडलेल्या असतील, बघा.

बांधावरची जोडी म्हणजे दोन नर. ते मीलन नव्हतं, झुंज होती. प्रजननाच्या दिवसांत दोन नर एकमेकांना पीळ घालून, माना उंच करून दुसऱ्याला खाली दाबायचा प्रयत्न करतात. चावत नाहीत. जो दबला तो निघून जातो. खरं मीलन शांत असतं, जमिनीवर आडवं, शेपट्या गुंतलेल्या आणि तासन् तास चालणारं. झुंजणाऱ्या जोडीवर पांढरा कपडा टाकून तो तिजोरीत ठेवणारी माणसं मी पाहिली आहेत. भरभराट होते म्हणतात. त्या कपड्यापायी जोडीजवळ जाऊ नका, एवढंच सांगतो, कारण नागाचे नरही असेच झुंजतात.

डूख धरायला चेहरा लक्षात ठेवावा लागतो, वैर मनात धरावं लागतं. सापाचा मेंदू त्या कामाचा नाही. तरी एक साप मारला की तिथेच दुसरा दिसतो, हे लोकांचं निरीक्षण मी खोटं ठरवणार नाही. सापाचं जग वासाचं आहे. दुभंगलेल्या जिभेने तो हवेतले आणि जमिनीवरचे गंधकण उचलतो आणि टाळूतल्या खास इंद्रियाकडे नेतो. मादीच्या अंगाचा वास जमिनीवर राहतो आणि नर त्या मागावर येतात. त्यातून ज्या उंदरांसाठी पहिला साप आला होता, ते उंदीर तिथेच असतात. जागा मोकळी झाली की दुसरा येणारच.

आता खोलीकडे वळतो. बारीक कात मोरीजवळ सापडली, म्हणजे कुणीतरी रात्री घरात फिरतंय. घरात दिव्याला किडे येतात, किड्यांवर पाली जगतात आणि पालींसाठी कवड्या येतो. कवड्या बिनविषारी, भिंतीवर सरसर चढणारा, घरात सर्वांत जास्त सापडणारा साप. पण त्याच्यामागे अतिविषारी मण्यार येऊ शकते. मण्यार उंदीर-पाली खाते आणि दुसरे सापही खाते, अगदी आपल्या जातीचेसुद्धा. दिवसा ती इतकी मंद असते की डिवचली तरी वेटोळ्यात डोकं खुपसून पडून राहते. रात्री मात्र तीच चपळ होते.

दोघांच्या अंगावर पांढरे पट्टे असतात, म्हणून घोळ होतो. कवड्याचे पट्टे मानेपासून सुरू होतात आणि शेपटीकडे पुसट होत जातात. मण्यारीचे पट्टे बारीक, बहुधा जोडीजोडीने, मानेकडे पुसट किंवा नसलेलेच आणि शेपटीकडे ठसठशीत. हे वाचून सोपं वाटतं. माझ्या पहिल्याच वर्षी एकाने रात्री फोटो पाठवला, अंधुकच होता. मी कवड्या सांगितला. सकाळी जाऊन बघतो तर पिठाच्या डब्यामागे मण्यार. त्या घरातली दोन पोरं रात्रभर त्याच खोलीत जमिनीवर झोपली होती. कुणाला काही झालं नाही, पण त्या दिवसापासून मी अंधुक फोटोवरून कुणालाही ‘बिनविषारी’ असं सांगत नाही.

मण्यारीवर मी इतका का अडून बसलोय ते सांगतो. घोणस चावली की माणूस ओरडतो, सूज चढते, घरदार जागं होतं. मण्यारीचे दात लहान असतात आणि तिचा दंश झोपेत कळतही नाही. डास चावला असं वाटतं. खूण पुष्कळदा सापडतच नाही. पहाटे पोटात कळ येते, उलटी होते, घसा दुखतो. घरचे म्हणतात पित्त झालं, ओवा देतात. मग पापण्या जड होतात, बोलणं अडखळतं, गिळता येत नाही आणि शेवटी श्वासाचे स्नायू थांबतात. एका घरात असं घडलेलं मी जवळून पाहिलंय, उसाच्या पट्ट्यातलं. बारा वर्षांचा मुलगा पहाटे चारला पोट धरून उठला आणि नऊ वाजेपर्यंत घरच्यांनी वाट पाहिली. तो गेला. म्हणून जमिनीवर झोपलेला माणूस पावसाळ्यात पहाटे अचानक पोट दुखतं म्हणाला आणि पापण्या मिटायला लागल्या, तर साप दिसला नसला तरी सर्पदंश समजून निघा.

यामागचं कारणही समजून घ्या. नागाचं विष नस (म्हणजे मज्जातंतू) आणि स्नायू यांच्यामधल्या निरोपाची स्नायूकडची बाजू अडवतं. तिथे प्रतिविष, म्हणजे सापाच्या विषावरचं इंजेक्शन, आणि निओस्टिग्मिनसारखं औषध बरंच काम करतं. मण्यारीच्या विषातला मुख्य घटक नसेचं टोकच निकामी करतो. प्रतिविष रक्तात मोकळं फिरणारं विष पकडतं, पण झालेली मोडतोड जोडू शकत नाही. ती टोकं शरीराला पुन्हा उभी करावी लागतात आणि त्याला काही दिवस, कधी काही आठवडे लागतात. तेवढा काळ व्हेंटिलेटरने श्वास चालवला तर माणूस चालत घरी येतो. अशा रुग्णाच्या बाहुल्या विस्फारून थिजतात, बोटही हलत नाही, आणि नातेवाइकांना वाटतं सगळं संपलं. तो आत जागा असू शकतो, तुमचं बोलणं ऐकत असू शकतो. घाईने मशीन काढायला सांगू नका, ही विनंती मी प्रत्येक गावात करतो.

घोणस आणि फुरसे यांचं विष वेगळं. ते रक्त गोठवणारी द्रव्यंच खर्ची पाडतं, मग हिरड्यांतून, लघवीतून रक्त येतं, आणि घोणशीच्या दंशात मूत्रपिंडं बंद पडू शकतात. हे ओळखायला महागडं यंत्र लागत नाही. शिरेतलं दोन मिली रक्त स्वच्छ, कोरड्या काचेच्या नळीत २० मिनिटं न हलवता ठेवायचं आणि मग नळी कलती करायची. रक्त पाण्यासारखं वाहिलं तर विष अंगात भिनलंय. साध्या ग्रामीण रुग्णालयातही हे होतं.

म्हणूनच साप पकडून किंवा मारून दवाखान्यात नेऊ नका. डॉक्टर लक्षणं बघून उपचार करतात आणि आपल्याकडचं प्रतिविष नाग, मण्यार, घोणस, फुरसे या चौघांवर एकच आहे. तमिळनाडूतल्या इरुळा लोकांच्या सहकारी संस्थेतून विष येतं, ते थोड्या थोड्या मात्रेत घोड्यांना टोचतात आणि घोड्याच्या रक्तात तयार झालेली प्रतिद्रव्यं वेगळी करून कुप्या भरतात. मुंबईच्या हाफकिन संस्थेनेही हे काम कित्येक दशकं केलंय. लहान मुलालाही मोठ्यांइतकंच प्रतिविष लागतं, कारण सापाने विष काही वय बघून सोडलेलं नसतं. डॉक्टर पोराला आठ-दहा कुप्या लावतात म्हणून भांडू नका. सह्याद्रीतल्या हिरव्या चापड्यावर, म्हणजे झाडाझुडपांत राहणाऱ्या हिरव्या विषारी सापावर, मात्र हे प्रतिविष बेतलेलं नाही. तो चावला तरी दवाखान्यातच जायचं, उपचार लक्षणांप्रमाणे होतात.

दंश झाला तर काय करायचं? अंगठी, बांगड्या, जोडवी, पैंजण लगेच काढा, सूज आल्यावर ते कापावे लागतात. दंश झालेला हात किंवा पाय, मोडल्यावर जसा फळीला सैलसर बांधतो तसा बांधा, करकचून दोरी आवळू नका. चिरू नका, चोखू नका, बर्फ नको. मिरची किंवा कडुलिंब चाखवून विष चढलं का बघण्यात वेळ घालवू नका, चवीवरून काहीही कळत नाही. रुग्णाला चालवू नका. १०८ ला उशीर होणार असेल तर मोटरसायकलवर दोघांच्या मध्ये बसवून न्या. देवळात नंतर जा. २००० ते २०१९ या वीस वर्षांत भारतात सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसं गेली, म्हणजे वर्षाला सरासरी ५८ हजार. त्यांतले जवळजवळ निम्मे मृत्यू जून ते सप्टेंबर या महिन्यांतले.

आज रात्रीपासून एवढं करा. कुणीही जमिनीवर झोपायचं नाही. खाट भिंतीपासून थोडी दूर ओढा, मच्छरदाणी लावा आणि तिची कड गादीखाली नीट खोचा. सासूबाईंना खाट चढवत नसेल तर त्यांच्या अंथरुणालाही अशीच मच्छरदाणी हवी. मण्यारीपासून याच्याइतका स्वस्त आणि भरवशाचा बचाव मला माहीत नाही. मोरीच्या तोंडाला बारीक जाळी, दाराखालच्या फटीला पट्टी, परसात जाताना बॅटरी.

आणि ती कात टाकून दिली नसेल तर कोमट पाण्यात भिजवून हलक्या हाताने सरळ करा. कात ताणली जाते, म्हणून साप तिच्याहून थोडा आखूडच असणार. शेपटीकडच्या टोकाला पोटाच्या बाजूने बघा. गुदद्वाराच्या पुढे टोकापर्यंत खवले दोन-दोनच्या जोडीने गेले असतील तर ती मण्यारीची नाही, कवड्याची किंवा धामणीच्या पिलाची असू शकेल. पण नागाच्या पिलाचे खवलेही जोडीनेच असतात, तेव्हा निर्धास्त होऊ नका. खवले एकेरी, आडवे, अखंड असतील आणि पाठीच्या मध्यावर इतरांहून मोठ्या, षटकोनी खवल्यांची रांग दिसत असेल, तर ती मण्यारीचीच. उजेडात दोन्ही बाजूंचे स्पष्ट फोटो काढून इथे टाका. मी रात्री दहापर्यंत जागा आहे. तोवर ती खोली बंद ठेवा, फटीला ओलं पोतं लावा आणि भांडी काढायला कुणाला आत पाठवू नका.