मराठा आरमाराच्या आंग्र्यांच्या गुराबांवर (उथळ तळाच्या लढाऊ शिडाच्या जहाजांवर) तोफा कमी असूनही युरोपीय जहाजे त्यांच्या हाती कशी लागत?

तोफा किती होत्या यापेक्षा त्या कुठे बसवल्या होत्या ते पाहा. गुराबाच्या मुख्य डेकवर, नाळेकडच्या म्हणजे पुढच्या टोकाच्या भागात दोन मोठ्या तोफा समोर तोंड करून असत. ९ ते १२ पौंडी, म्हणजे गोळा साधारण ४ ते साडेपाच किलोचा. दोन्ही कुशींना म्हणजे बाजूंना ६ ते ९ पौंडी तोफाही असत, पण माझ्या मते खरी मदार पुढच्या जोडीवरच होती.

तोफ उडाली की मागे धक्का देते. नाळेवरच्या तोफेचा धक्का जहाजाच्या लांबीत जिरतो, त्यामुळे हलक्या बांधणीलाही ती झेपते. अडचण एकच: नेम धरायचा तर अख्खे जहाज फिरवावे लागते. वारा नसला की गुराबाला हे एकट्याने जमत नाही. तेव्हा गलबते, म्हणजे वल्ह्यांनीही चालणारी लहान जहाजे, तिला दोर लावून ओढत. एका गलबतावर ४०-५० वल्ही. मोठ्या गलबतांवर २ ते ४ पौंडी ६-८ तोफा असत. लहानांचा डेक बांबूच्या कामट्यांचा, तोफेचा भार न पेलणारा, म्हणून त्यांच्या काठावर फक्त फिरते जंबुरे, म्हणजे छोट्या तोफा.

म्हणजे सगळा डाव वारा पडण्यावर. कोकण किनाऱ्यावर पावसाळा सोडला तर सकाळी मतलई, म्हणजे जमिनीकडून समुद्राकडे वाहणारा वारा, थांबते आणि दुपारचा समुद्री वारा सुटेपर्यंत बऱ्याचदा पाणी निपचित असते. युरोपीय जहाजाच्या बहुतेक तोफा दोन्ही कुशींना. वाऱ्याविना ते वळणार कसे? गुराबा त्याच्या पिछाडीला येऊन आधी डोलकाठ्या आणि शिडांवर मारा करत. जहाज पांगळे झाले की गलबतांतून तलवारी घेतलेली माणसे चहूबाजूंनी चढत. तुळाजी आंग्र्यांनी डचांच्या ५०, ३६ आणि १८ तोफांच्या तीन जहाजांपैकी मोठी दोन जाळली, तिसरे पकडले.

मध्येच वारा उठला तर मात्र पारडे फिरे. शत्रूचे जहाज वळून एका कुशीच्या सगळ्या तोफा डागू शके, आणि गुराबाची फळी तेवढी जाड नव्हती. अशा वेळी उथळ खाडी गाठणे हाच शहाणपणा.

विजयदुर्गाला १२ फेब्रुवारी १७५६ रोजी नेमके उलटे घडले. इंग्रज नौसेनापती वॉटसनची ७० तोफांची ‘केंट’ आणि इतर मोठी जहाजे समोर, आणि आंग्र्यांचे आरमार वाघोटन खाडीत किल्ल्याखाली एकमेकांना बांधून ठेवलेले. बांधलेल्या जहाजाची नाळ फिरत नाही. एक गोळा ‘रेस्टोरेशन’ या इंग्रजांकडूनच पूर्वी जिंकलेल्या जहाजावर पडला, आग लागली आणि दोरादोराने ती सगळ्या आरमारात पसरली.