अर्नेस्ट कोलवरची डॉक्युमेंटरी बघावी का? माझं उत्तर

तुम्ही विचारलंय की ‘अर्नेस्ट कोल: लॉस्ट अँड फाउंड’ बघण्यासारखी आहे का, आणि अर्ध्यानंतर ती रेंगाळते असं लोक म्हणतात ते खरंय का. बघाच. आणि तो रेंगाळणारा भाग म्हणतात ना, माझ्या मते पिक्चरचा जीव तिथंच आहे.

कोल हा काळा फोटोग्राफर, 1940 चा, साउथ आफ्रिकेत प्रिटोरियाजवळ जन्मलेला. अपार्थाइडच्या, म्हणजे सरकारी वर्णभेदाच्या काळात काळ्या माणसाच्या खिशात पास (सरकारी परवाना-पुस्तिका) नसेल तर पोलीस भर रस्त्यात बेड्या घालायचे, मग कॅमेरा घेऊन हिंडणार कसं? तर याने आडनावाचं स्पेलिंग बदललं आणि सरकारी नोंदीत स्वतःला ‘कलर्ड’ (मिश्र वंशाचा) करून घेतलं, कारण कलर्ड लोकांना पास लागत नव्हता. खाणीत तर जेवणाच्या पिशवीत कॅमेरा लपवून नेला. मजुरांची भरतीची तपासणी चाललीय, सगळे नागडे, भिंतीकडे तोंड, हात वर, ओळीने उभे. तो फोटो आला तेव्हा मी पॉज करून कितीतरी वेळ नुसता बघत बसलो होतो. दुसरा एक शाळेतला मुलगा, जमिनीवर उकिडवा बसलाय, चेहरा घामाने डबडबलेला, पण लक्ष सगळं धड्यात.

1966 ला तो देश सोडून गेला, 1967 ला अमेरिकेत त्याचं ‘हाउस ऑफ बॉन्डेज’ हे या फोटोंचं पुस्तक आलं, साउथ आफ्रिकेत त्यावर बंदी, म्हणजे परत जायचा रस्ताच बंद. इथून पुढे लोकांना बोअर होतं. पण बघा ना, वय 27, एवढं नाव झालेलं, फोर्ड फाउंडेशनच्या पैशावर अमेरिकेतल्या काळ्या लोकांचे फोटो काढत तो दक्षिणेकडे फिरतो आणि त्याला जाणवतं की घरी अटकेची भीती होती, इथे तर जिवाचीच आहे. मग हळूहळू फोटो काढणंच सुटतं, न्यूयॉर्कमध्ये राहायला घरही उरत नाही. दिग्दर्शक राउल पेक मूळचे हैतीचे, त्यांचाही देश लहानपणीच सुटलेला, म्हणून असेल, ते हा भाग अजिबात उरकून टाकत नाहीत.

एक गोष्ट खटकली. निवेदन कोलच स्वतः बोलतोय असं ‘मी’ म्हणून आहे, अभिनेता लाकीथ स्टॅनफिल्डने वाचलंय फार सुंदर, पण कुठलं वाक्य खरंच कोलचं आणि कुठलं पेकनी लिहिलेलं ते कळत नाही.

2017 ला स्वीडनच्या एका बँकेच्या लॉकरमधून कोलच्या 60 हजारांवर निगेटिव्ह निघाल्या, आणि त्या तिथे ठेवल्या कोणी, भाडं कोण भरत होतं याचं धड उत्तर त्याच्या घरच्यांना मिळत नाही, ते बघताना खरंच संताप येतो. कोल स्वतः तोवर गेलेला, फेब्रुवारी 1990, कॅन्सर, वय 49. मंडेला तुरुंगातून सुटून जेमतेम आठवडा झाला होता.

फक्त मोबाईलवर बघू नका, टीव्हीला लावा, म्हणजे फोटोत मागे उभी असलेली माणसं नीट दिसतात आणि बाकांवरच्या ‘फक्त युरोपियनांसाठी’ (म्हणजे गोऱ्यांसाठी) या पाट्या वाचता येतात.