कुस्कोतला पहिला दिवस मोकळा सोडा

तुमचा कार्यक्रम दोनदा वाचला. पेरूत सकाळी लिमाहून विमानाने निघून साडेदहाला कुस्को, बॅगा टाकून कोरिकांचा हे इंकांचं सूर्यमंदिर, दुपारी साक्सायवामानचा इंका किल्ला, संध्याकाळी सान ब्लास या जुन्या वस्तीची चढण, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे माचू पिचू. तुम्ही दोघंही साठीच्या आसपास. जमेल का, असं विचारलंय. नाही जमणार. ओढूनताणून जमवलंत तरी पाहिलेलं काही लक्षात राहणार नाही.

लिमा समुद्राकाठी, कुस्को ३,४०० मीटरवर, आणि मधे विमानाचा सव्वा-दीड तास. लेहला उतरल्यावर पहिले दोन दिवस गप्प पडून राहायचं, हे आपल्याकडे आता शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. कुस्को लेहपेक्षा जेमतेम शंभर मीटर खाली. पण तिथे चौक, चर्च, कॅफे, दुकानं दिसतात आणि माणूस उंची विसरतो.

आम्हीही विसरलो. जून महिना, लख्ख ऊन, दोघंही ठणठणीत. हॉटेलात बॅग उघडली तर चकलीचं पाकीट उशीसारखं फुगलेलं. त्यावर हसून बाहेर पडलो. हातुन रुमियोक गल्लीतल्या भिंतीत तो प्रसिद्ध बारा कोनांचा दगड आहे. शेजारच्या दगडांशी असा बसलाय की सांध्यात चुना नाही की काही नाही. माझा नवरा सिव्हिल इंजिनिअर, कोपरे मोजायला लागला. नवव्यावर थांबला आणि मागे सरकून पायरीवर बसला. चेहरा खडूसारखा. ‘काही नाही गं, जरा बसतो’ म्हणाला आणि अर्धा तास उठलाच नाही. रात्री दोघांचीही डोकी ठणकत होती, जेवण नकोसं, डोळा लागला की दचकून जाग. उंचीचा हा त्रास उतरल्याउतरल्या होत नाही, काही तासांनी गाठतो. त्यामुळे ‘आम्हाला काहीच झालं नाही’ हे दुपारी बारा वाजता बोलू नका.

मी तुमच्या जागी असते तर विमानतळावरूनच गाडी करून ओयांतायतांबोला गेले असते. दीड-दोन तासांचा रस्ता, आणि गाव २,८०० मीटरच्या आसपास. रात्री झोपायची जागा खाली असणं महत्त्वाचं. चिंचेरो गावावरून गेलात तर ते कुस्कोहूनही उंच आहे. ड्रायव्हर विणकाम बघायला थांबू म्हणेल, पहिल्या दिवशी नको म्हणा. माचू पिचूची आगगाडी ओयांतायतांबोहूनही मिळते, आणि माचू पिचू स्वतः २,४३० मीटरवर. म्हणजे कुस्को शेवटी ठेवलंत तर शरीर आपोआप रुळतं.

कुस्कोचं हॉटेल आधीच भरलं असेल आणि पैसे परत मिळत नसतील, तर दुपारभर पडा आणि संध्याकाळी प्लासा दे आर्मास या मुख्य चौकातल्या बाकावर बसा. फार तर कोरिकांचा, तो सपाटीवर आहे. १९५० च्या भूकंपात त्यावर बांधलेल्या सांतो दोमिंगो चर्चची पडझड झाली आणि आत दडलेल्या इंका भिंती उघड्या पडल्या. त्या जागच्या हलल्या नव्हत्या. साक्सायवामान मात्र अजून वर आहे, विसरा.

खाणं हलकं. तिथे पाणी ८८-८९ अंशांनाच उकळतं, पोटाचंही तसंच काहीतरी होतं, पचन मंदावतं. किन्वाचं सूप मागवा. नुसतं ‘शाकाहारी’ सांगितलंत तर कोंबडी येऊ शकते. ‘सिन कार्ने, सिन पोयो, सिन पेस्कादो’ (मांस नको, कोंबडी नको, मासे नकोत) असं तिन्ही म्हणा. मद्य पहिल्या रात्री नको.

डायमॉक्स या उंचीच्या त्रासावरच्या गोळीबद्दल इथे कुणाचं ऐकू नका, माझंही नाही. बीपीच्या गोळ्या चालू आहेत म्हणालात, सल्फाची ॲलर्जी असेल तर तीही डॉक्टरांच्या कानावर घाला. त्या गोळीने बोटांना मुंग्या येतात, त्याने घाबरू नका. पण बसल्या जागी धाप लागली, तोल जायला लागला, तर सकाळची वाट बघू नका. डॉक्टर गाठा आणि खाली उतरा.

कोकाचा चहा हॉटेलात सहसा फुकट ठेवलेला असतो. चव वाळक्या पाल्याच्या काढ्यासारखी, मला आवडला. बाजारात पानांच्या पिशव्या स्वस्त मिळतात आणि पेरूमध्ये ते कायदेशीर आहे. आठवण म्हणून एकही पान बॅगेत टाकू नका. आपल्याकडे १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्यात कोकाचं पानही येतं, आणि मुंबईच्या कस्टम्सला चहाची गोष्ट सांगत बसावं लागेल.