‘रिव्हर्सिबल स्टेनिंग’ला कच्चा रंग म्हणावे का?

विचारणा अशी आहे: मराठी विज्ञानलेखात वेस्टर्न ब्लॉटिंगची, म्हणजे प्रथिने मेम्ब्रेनवर उतरवून ओळखण्याच्या पद्धतीची, कृती द्यायची आहे. त्यात ‘प्रथिने मेम्ब्रेनवर उतरली का, हे पाहण्यासाठी पॉन्सो एसने रिव्हर्सिबल स्टेनिंग केले’ असे वाक्य येते. पॉन्सो एस हा एक लाल रंग, तो नंतर धुऊन काढता येतो. तिथे ‘व्युत्क्रमी अभिरंजन’ चालेल का? आणि वेस्टर्नचे ‘पाश्चात्त्य’ करावे का?

अभिरंजन चालेल. सूक्ष्मजीवांच्या संदर्भात ग्रॅम अभिरंजन मराठीत वापरतात, आणि नुसते ‘रंजन’ म्हटले की वाचकाला करमणूक आठवते. घोडे अडते ते व्युत्क्रमीपाशी. दोन्ही दिशांनी चालणाऱ्या विक्रियेसाठी रसायनशास्त्रात तो शब्द ठीक आहे, पण इथे वाचणारा उगाच उलट दिशा शोधत बसेल. ‘प्रत्यावर्ती’ असेही कोणी सुचवेल. तो शब्द विजेच्या एसी प्रवाहाने कधीच पळवला आहे.

आधी प्रत्यक्ष काय घडते ते पाहू. जेलमध्ये आकारमानाप्रमाणे वेगळी झालेली प्रथिने वीज लावून नायट्रोसेल्युलोजच्या किंवा पीव्हीडीएफ या प्लास्टिकच्या पातळ मेम्ब्रेनवर उतरवतात. उतरली तरी मेम्ब्रेन दिसते कोरीच. हवे ते प्रथिन हुडकणारी महागडी प्रतिपिंडे (अँटिबॉडी) ओतण्यापूर्वी ट्रान्सफर झाल्याची खात्री हवी, म्हणून ‘पॉन्सो मारून बघ’ असे लॅबमध्ये म्हणतात. द्रावण बहुधा 5 टक्के अ‍ॅसेटिक आम्लात 0.1 टक्का पॉन्सो असे असते. त्यात मेम्ब्रेन पाचेक मिनिटे हलवत ठेवली आणि जास्तीचा रंग पाण्याने काढला, की एकेका लेनमध्ये (म्हणजे एकेका नमुन्याच्या रांगेत) गुलाबी-लाल पट्टे उमटलेले दिसतात. जेल आणि मेम्ब्रेनमध्ये हवेचा बुडबुडा अडकला असेल तर तेवढ्या जागी पांढरा गोल राहतो. तो दिसला की पुढची मेहनत वाचते. फोटो काढायचा, पेन्सिलीने खुणा करायच्या, वापरलेले द्रावण पुन्हा बाटलीत ओतायचे आणि मेम्ब्रेन बफरने धुवायची. रंग जातो, प्रथिने जागच्या जागी राहतात.

रंग जातो याला कारण त्याची पकड. आम्लात प्रथिनांच्या अमिनो गटांवर धन प्रभार असतो आणि पॉन्सोच्या सल्फोनेट गटांवर ऋण. ही ओढ पुरेशी, पण घट्ट नव्हे. आम्ल धुतले गेले की सुटते. (त्याच कारणाने धन प्रभार असलेल्या नायलॉनच्या मेम्ब्रेनवर पॉन्सोचा उपयोग नाही, सगळीच लाल होते.) फार अंधूक पट्टे मात्र त्यात दिसत नाहीत, एका पट्ट्यात दोनेकशे नॅनोग्रॅम तरी प्रथिन लागते.

अशा रंगाला मराठीत शब्द आहे आणि तो कापडाच्या दुकानात रोज ऐकू येतो: कच्चा रंग. यावर आक्षेप येणार की कच्चा म्हणजे दोष, साडीचा रंग पहिल्याच धुण्यात गेला तर भांडण होते. पण मराठीतला ‘कच्चा’ नेहमी दोषच दाखवत नाही. शिंपी कच्चा टाका घालतो तो उसवण्यासाठीच. कच्चा खर्डा, कच्ची पावती यांतही पुढे पक्के येणार हे गृहीत असते. पॉन्सोचे काम नेमके तसले आहे. शिवाय प्रयोगशाळेतले कित्येक रंग कापडाच्याच धंद्यातून आले आहेत. कूमासी हे मूळचे लोकरीच्या रंगांचे व्यापारी नाव, आजच्या घानामधल्या कुमासी शहरावरून पडलेले. कूमासी काय किंवा अमिडो ब्लॅक काय, मेम्ब्रेनवर पक्के बसतात. म्हणून पुढे प्रतिपिंडे लावायची असतील तर त्यांच्या वाटेला सहसा जात नाहीत.

तरी प्रबंधाच्या सारांशात परीक्षकांसमोर ‘कच्चे अभिरंजन’ लिहा असे मी म्हणणार नाही. संस्कृत आणि देशी यांची ही मोट विचित्र वाटते. पहिल्यांदा ‘धुऊन काढता येणारे अभिरंजन’ असे सविस्तर लिहावे आणि मग लेखभर खुशाल ‘कच्चा रंग’ म्हणावे. क्रियापदाकडेही लक्ष हवे: रंग उडाला किंवा विटला म्हणू नका, ते आपसूक आणि नको असताना होते. इथे रंग उतरवतात.

पॉन्सो तसाच ठेवा. फ्रेंचमध्ये तो पॉपीच्या फुलाचा भडक लाल रंग.

वेस्टर्नला तर हातच लावू नये, कारण ती दिशा नव्हे, आडनावावरची कोटी आहे. एडविन सदर्न यांनी 1975 साली डीएनएसाठी ही टिपण्याची पद्धत दिली, तिला त्यांचे नाव पडले. मग आरएनएची झाली ती गमतीने नॉर्दर्न. प्रथिनांची पद्धत 1979 मध्ये स्वित्झर्लंडमधल्या बाझेलच्या टोबिन आणि सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केली, आणि 1981 मध्ये अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या सिअ‍ॅटलमधून बर्नेट यांनी तिला वेस्टर्न म्हटले. ब्लॉटिंगला ‘टिपणे’ मात्र छान बसते, टीपकागद आपल्याकडे आहेच. ‘पाश्चात्त्य टिपण’ केलेत तर लोक समजतील, कोणी हेगेलसारख्या तत्त्वज्ञावर नोट्स काढल्या आहेत.