मॉडिफाय केलेली गाडी विकताना खर्च परत मिळतो का?

तुमचा प्रश्न असा : 2020ची पांढरी फोक्सवॅगन पोलो टीएसआय (टर्बो पेट्रोल), एमएच-12 पासिंग, पहिलेच मालक. 17 इंची अलॉय चाकं, गाडी खाली बसवणारे लोअरिंग स्प्रिंग, एक्झॉस्ट (सायलेन्सर), स्टेज वन रिमॅप (ताकद वाढवायला इंजिनाच्या सॉफ्टवेअरमध्ये केलेला बदल), मॅट काळा रॅप (रंगावर चिकटवलेली फिल्म) आणि म्युझिक सिस्टिम, सगळं मिळून अडीच लाख घातले. डीलर मात्र साध्या पोलोपेक्षाही कमी भाव सांगतोय. तो फसवतोय का, आणि अडीच लाखांतले किती सुटतील?

फसवत नाहीये. मी चौदा वर्षं पुण्यात जुन्या गाड्यांची खरेदी-विक्री करतोय. तुमची गाडी आज आहे तशी माझ्याकडे आली असती, तर मीही कमीच सांगितलं असतं. तुम्ही किती खर्च केला हे घेणारा बघत नाही. या बदलांमागे काय दडलं असेल, याची धास्ती तो किमतीतून वजा करतो.

मी गाडी बघायला गेलो की बॉनेट नंतर उघडतो. आधी ड्रायव्हरच्या बाजूनं आडवा होऊन डॅशबोर्डखाली टॉर्च मारतो. नव्या वायरी कंपनीच्या कपलरला, म्हणजे वायर जोडायच्या प्लगला, कपलरनंच जोडलेल्या दिसल्या की जीव भांड्यात पडतो. पण बऱ्याचदा मूळ वायर मधेच सोलून, नव्या वायरीचा पीळ मारून वर काळी चिकटपट्टी गुंडाळलेली असते. मे महिन्यात हडपसरला अशीच एक गाडी बघितली. उन्हानं पट्टीचा गोंद वितळून ती लोंबत होती आणि आतलं तांबं हिरवं पडलं होतं. मालक पुन्हा पुन्हा सांगत होते, ‘अहो, साठ हजारांची म्युझिक सिस्टिम आहे.’ त्यांचं म्हणणं खरंच होतं, पण मला हार्नेस, म्हणजे वायरींचा सगळा जुडगा, बदलायचा खर्च दिसत होता. शॉर्टसर्किट झालं तर गिऱ्हाईक माझ्या दारात येतं. विमा कंपनीही पहिल्यांदा अशीच वायर शोधते.

रॅपचं तसंच. कंपनीचा रंग साधारण 100 ते 150 मायक्रॉन जाडीचा असतो. रंगाची जाडी मोजायच्या मीटरचा आकडा त्याच्या बराच वर गेला की पॅनल पुन्हा रंगवलंय किंवा खाली पुट्टी आहे हे कळतं. वर फिल्म असली की तिचीही जाडी आकड्यात मिसळते आणि अंदाज लागत नाही. मग गाडी कुठेतरी ठोकलेली असणार, असं धरूनच घेणारा भाव लावतो. तुमची गाडी खरंच कुठे लागली नसेल तर रॅप काढून पांढरा रंग दाखवा, फरक लगेच दिसेल. फक्त काढताना घाई करू नका, हीट गननं गरम करत सावकाश काढायला सांगा. एखादं पॅनल आधी रंगवलेलं असेल तर फिल्मबरोबर रंगाचाही पापुद्रा निघतो.

लोअरिंगबद्दल वेगळं सांगायला नको. आपल्या सोसायट्यांचे स्पीडब्रेकर तुम्हाला माहीत आहेत. टायर आतल्या कडेनं झिजलेत का आणि खालून काय घासलंय, हे मी हमखास बघतो.

रिमॅपची गोष्ट जरा नाजूक आहे. ज्यानं रिमॅप केला त्या ट्यूनरकडून कंपनीचं मूळ सॉफ्टवेअर परत टाकून घ्या, पण आधी रिमॅप होता हे घेणाऱ्याला सांगाच. सर्व्हिस सेंटरला कॉम्प्युटर लावल्यावर तो ओळखू येऊ शकतो आणि पोलोचे शौकीन घेण्याआधी ती तपासणी करून घेतात. लपवलेलं तिथं उघड झालं की टोकन परत मागतात, आणि गाडीचं नाव पोलोवाल्यांच्या ग्रुपवर खराब होतं ते वेगळंच.

कायद्याचंही बघा. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 नुसार आरसीत नोंदलेल्या मूळ तपशिलांशी विसंगत ठरेल असा बदल करता येत नाही. जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं हेच बजावलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनं मालकाला प्रत्येक बदलामागे 5,000 रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, अशी तरतूद आली. आरसीवर ‘व्हाइट’ आणि समोर काळी गाडी, हे बघून नाव ट्रान्सफर करून घेणारा बिचकणारच.

आता काय करायचं? जुने अलॉय, स्प्रिंग, सायलेन्सर कुठे आहेत ते आधी शोधा. गॅरेजमध्ये ठेवले असतील तर आजच आणा. एक्झॉस्ट बसवताना कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धुरातले विषारी वायू कमी करणारा भाग) काढला असेल तर तो खास मागून घ्या. त्यात प्लॅटिनम, पॅलेडियमसारखे धातू असतात, त्यामुळे तो गॅरेजमधून परस्पर विकला जाण्याचा धोका असतो आणि नवा घ्यायचा तर मोठा खर्च बसतो. मग गाडी कंपनीतून आली तशी करा आणि काढलेलं सामान वेगळं विका. चांगल्या ब्रँडचे, न वाकलेले अलॉय माझ्या अनुभवात निम्म्या किमतीच्या आसपास जातात. एक्झॉस्ट आणि स्प्रिंगला पोलोवालेच गिऱ्हाईक मिळतं. रॅप आणि रिमॅपचे पैसे मात्र गेले असं समजा.

सगळंच मॉडिफिकेशन वाया जातं असं नाही. आरसीवर नोंद असलेलं आणि टाकीची दर तीन वर्षांची टेस्ट वेळेवर केलेलं सीएनजी किट, कपलरवर बसवलेला रिव्हर्स कॅमेरा, वरच्या मॉडेलचे कंपनीचेच अलॉय, यांच्यामुळे भाव पडत नाही, उलट गाडी लवकर जाते.

तुम्ही हौसेनं एकेक वस्तू निवडली असणार, ती उतरवताना वाईट वाटेल. मलाही माझ्या पहिल्या स्विफ्टचे अलॉय काढताना वाटलं होतं. जशीच्या तशी घेणारा शौकीन मिळूही शकतो. महिनाभर तो जरूर शोधा, फोटोंबरोबर प्रत्येक बिल दाखवा. पण त्याच्यासाठी सहा महिने थांबू नका. चाकणला बनणारी पोलो 2022 मध्ये आपल्याकडे बंद झाली. मूळ रूपातली, एका मालकाची, सर्व्हिस हिस्टरी असलेली टीएसआय शोधणारे माझ्याकडे आजही येतात. जानेवारी लागला की तीच गाडी त्यांच्या हिशेबात एक वर्षानं जुनी होते, म्हणून काम दिवाळीनंतर लगेच उरका.