ऑफिसचा मेल सगळ्यांच्या मोबाईलवर कसा जोडायचा?

पंधरा जणांचं ऑफिस, मेल सर्व्हर स्वतःचा आणि फोन ज्याचा त्याचा, असं तुम्ही लिहिलंय. सर्व्हरवरून मेल उतरवून घेण्याची पॉप३ ही जुनी पद्धत आहे, तिच्या वाटेला जाऊ नका. सेटिंग बदललं नाही तर पुष्कळदा पॉप३ मेल फोनवर उतरवून सर्व्हरवरून काढून टाकतं आणि ऑफिसच्या कॉम्प्युटरवर इनबॉक्स रिकामा दिसतो. आयमॅप घ्या, त्यात मेल सर्व्हरवरच राहतो आणि सगळीकडे सारखाच दिसतो: येणाऱ्या मेलला पोर्ट (सेटिंगमध्ये भरायचा क्रमांक) 993, जाणाऱ्याला 587, दोन्हीकडे टीएलएस, म्हणजे मेल वाटेत कोणी वाचू नये म्हणूनचं कुलूप, चालू. सर्व्हर मायक्रोसॉफ्टचा एक्स्चेंज असेल तर ॲक्टिव्हसिंक ही त्यांचीच फोन जोडायची पद्धत बरी, कॅलेंडर आणि कॉन्टॅक्टही सोबत येतात.

खरी डोकेदुखी पासवर्डची. आमच्याकडे एकाने कॉम्प्युटरवर पासवर्ड बदलला. खिशातला फोन मात्र जुनाच पासवर्ड पाठवत राहिला आणि खातं लॉक झालं. आम्ही अर्धा दिवस सर्व्हर तपासत बसलो! बदलण्याआधी फोन एअरप्लेन मोडवर टाकायला सांगा, नवा पासवर्ड फोनमध्ये भरला की मगच नेट चालू.

आणि एक, हे मनापासून सांगतो. फोन हरवला तर ॲक्टिव्हसिंकमधून तो दुरून पुसता येतो, पण पूर्ण पुसला तर त्या माणसाच्या मुलांचे फोटोही जातात. फक्त ऑफिसचं खातं पुसायचा पर्याय असतो, तोच वापरा. आणि खातं जोडायच्या आधीच प्रत्येकाला हे समजावून सांगा.