पारा किंवा शिसं अंगात गेलं तर प्रतिकारशक्ती कमी होते म्हणतात. मग अंगाला सूज कशी येते?

'कमी होते' हा शब्दच थोडा फसवा आहे. मी इम्युनॉलॉजी (प्रतिकारशक्तीचं शास्त्र) शिकवतो आणि वर्गात हा प्रश्न आला की गोरं करणाऱ्या क्रीमची गोष्ट सांगतो.

केरळात मलप्पुरम भागात काही वर्षांपूर्वी किडनीच्या डॉक्टरांकडे असे रुग्ण येऊ लागले: पायांवर सूज, लघवीला फेस. बायोप्सीत मेम्ब्रेनस नेफ्रोपॅथी हा मूत्रपिंडाच्या गाळणीचा आजार निघाला, तोही बऱ्याच जणांत नेल-१ या प्रथिनाशी जोडलेला, म्हणजे एरवी क्वचित दिसणारा. खोदून विचारल्यावर त्यातले बहुतेक जण त्वचा उजळवणारी क्रीम लावत होते असं कळलं. अशा क्रीममध्ये पारा 1 पीपीएमच्या (दहा लाख भागांत एक भाग) आत असायला हवा; काहींत तो हजारोंच्या घरात सापडतो.

पारा प्रथिनांतल्या गंधकाला घट्ट चिकटतो. बहुधा त्यामुळेच शरीर आपल्याच प्रथिनाविरुद्ध अँटिबॉडी बनवू लागतं, त्या मूत्रपिंडाच्या गाळणीवर बसतात, गाळणी सैल होते आणि रक्तात पाणी धरून ठेवणारं अल्ब्युमिन हे प्रथिन लघवीवाटे वाहून जातं. म्हणजे इथे प्रतिकारशक्ती थकलेली नाही, ती आपल्याच घरावर धावून गेली आहे.

आणि पायाची ती सूज? मराठीत दाहालाही सूज म्हणतात आणि पाणी साचण्यालाही. पायावरची सूज दुसरी: अल्ब्युमिन घटलं, पाणी ऊतींत उतरलं. गंमत म्हणजे या आजारात गाळणीत दाहाची खूण असलेली पांढऱ्या पेशींची गर्दी फारशी दिसतच नाही.

शिशाचं वागणं वेगळं. शिसं दिलेले उंदीर एरवी त्यांनी सहज पचवले असते एवढ्या साल्मोनेला जंतूंनीही दगावतात. त्यांच्या मॅक्रोफेज (जंतू गिळणाऱ्या) पेशी जंतू मारणारं नायट्रिक ऑक्साइड कमी बनवतात, पण दाह पेटवणारं टीएनएफ हे रसायन जास्त सोडतात. मारामारी कमी, आरडाओरडा जास्त. टी-पेशी या प्रतिकारशक्तीच्या पेशींचा कलही ॲलर्जीच्या बाजूला झुकतो. माणसांतला पुरावा मात्र एवढा ठाशीव नाही.



तुम्हाला शंका असेल तर रक्तातलं शिसं आणि लघवीतला पारा तपासून घ्या, आणि वापरातली क्रीम, भस्मं डॉक्टरांसमोर नेऊन ठेवा. 'डिटॉक्स'च्या गोळ्यांवर पैसे घालवू नका. केरळातल्या त्या रुग्णांपैकी बरेच जण क्रीम बंद केल्यावर सुधारले.